जुन्या गिरणीचा शेअर, निजामाची नोट आणि आपली ट्रंक



दिवाळीच्या आवराआवरीत सोलापुरातल्या जुन्या घरांच्या माळ्यावरून पत्र्याची ट्रंक खाली येते. पितळेची भांडी निघतात, जीर्ण पोथ्यांची वेष्टनं निघतात आणि तळाशी हमखास कागदांचं एक पुडकं निघतं. त्यात कुठल्याशा कंपनीचा शेअर असतो, उर्दूत छापलेली नोट असते, राजाच्या चित्राच्या चार नोटा असतात. मग घरातला प्रत्येकजण एकच प्रश्न विचारतो, "याचे आता किती येतील?"

हल्ली हा प्रश्न मला बऱ्याच मैत्रिणी विचारतात. मोबाईलवर "एक रुपयाच्या नोटेचे लाखो मिळवा" अशा जाहिराती फिरतात, त्यामुळे तर जास्तच. म्हणून आज या कागदांचा इतिहासच सांगावा म्हटलं. कारण कागदाची किंमत कळायला आधी त्याच्यावर सही कुणाची आहे आणि त्या सहीमागे आज कोण उभं आहे, हे कळावं लागतं. सोनं कुणाच्याही सहीशिवाय सोनं असतं. कागद मात्र म्हणजे कुणीतरी दिलेला शब्द. शब्द देणारा उरला का, यावर सगळं आलं.

हजार रुपयांचा एक कागद

आपल्या गावात या गोष्टीचं सगळ्यात मोठं उदाहरण म्हणजे जुनी गिरणी. तिचं कागदावरचं नाव सोलापूर स्पिनिंग अँड विव्हिंग कंपनी. मुंबईचे शेठ मुरारजी गोकुळदास यांनी १८७४ मध्ये ती काढली आणि १८७७ मध्ये गिरणी सुरू झाली. आपली मुरारजी पेठ त्यांच्याच नावाची. पुढे नरसिंग गिरजी, लक्ष्मी, विष्णू अशा गिरण्या आल्या, तेव्हा ही पहिली गिरणी 'जुनी' झाली.

या कंपनीच्या भांडवलाचा हिशेब न्यायालयाच्या निकालपत्रात नोंदलेला आहे, आणि तो घरखर्चाच्या वहीइतका स्वच्छ आहे. १००० रुपयांचे १५९० साधे शेअर आणि ५०० रुपयांचे २० साधे शेअर, म्हणजे १६ लाख. हे पैसे पूर्ण भरलेले. शिवाय १०० रुपयांचे ३२,००० प्रेफरन्स शेअर. पण यांच्यावर भागधारकांनी प्रत्येकी ५० रुपयेच भरले होते, म्हणजे आणखी १६ लाख. उरलेले ५० रुपये कंपनी मागेल तेव्हा द्यायचे, असा करार.

एका साध्या शेअरची दर्शनी किंमत हजार रुपये! १९५० च्या सुमारास तोळाभर सोनं शंभर-सव्वाशेच्या आसपास होतं. म्हणजे तो एक कागद आठ-नऊ तोळ्यांच्या तोलाचा. ज्या घरात असा कागद होता, तिथे तो दागिन्यांच्या डब्याशेजारीच ठेवला जात असणार.

आणि मग २७ ऑगस्ट १९४९ ला गिरणी बंद पडली. हजारो कामगार घरी बसले. स्वातंत्र्याला दोन वर्षं झालेली, देशात कापडाची टंचाई. सरकारने आधी गिरणीवर नियंत्रक नेमला. गिरणी चालवायला पैसा हवा होता, म्हणून प्रेफरन्स शेअरवरचे राहिलेले ५० रुपये मागवा असं त्याने संचालकांना सांगितलं. संचालकांनी नकार दिला. तेव्हा ९ जानेवारी १९५० ला केंद्र सरकारने खास या एका कंपनीसाठी वटहुकूम काढला आणि एप्रिलमध्ये संसदेने त्याचा कायदा केला. एका गावातल्या एका गिरणीसाठी देशाचा कायदा! जुने संचालक आणि मॅनेजिंग एजंट गेले, सरकारने नेमलेले संचालक आले, आणि फेब्रुवारीत त्यांनी ५० रुपयांची मागणी काढलीसुद्धा.

आता ट्रंकेतल्या त्या कागदाकडे पुन्हा बघू या. कागद तोच, अक्षरं तीच, शिक्का तोच. पण भागधारकाला आता संचालक निवडता येत नव्हते. भागधारकांनी ठराव केला तरी सरकारच्या मंजुरीशिवाय त्याला अर्थ नव्हता. कंपनी गुंडाळा असा अर्जही सरकारच्या संमतीविना करता येत नव्हता. नफा झाला तर लाभांश मिळणार होता आणि शेअर विकताही येणार होता. पण ज्याच्यावरचे अधिकार काढून घेतलेत असा कागद विकत कोण घेणार, आणि किती पैसे देणार?

हा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. चिरंजितलाल चौधरी नावाच्या भागधारकाने राज्यघटनेने दिलेल्या मूलभूत हक्कांचा आधार घेतला. घटना लागू होऊन वर्षही झालं नव्हतं. ४ डिसेंबर १९५० ला पाच न्यायमूर्तींनी निकाल दिला, तीन विरुद्ध दोन असा, आणि अर्ज फेटाळला. पण गोष्ट तिथे संपली नाही. द्वारकादास श्रीनिवास हे प्रेफरन्स शेअरचे धारक. ५० रुपयांची मागणी त्यांच्यासारख्यांच्या खिशातून जाणार होती. ते मुंबई उच्च न्यायालयात हरले आणि सर्वोच्च न्यायालयात गेले. १८ डिसेंबर १९५३ ला तिथे उलटा निकाल लागला. मोबदला न देता कंपनीची मालमत्ता अशी ताब्यात घेणं घटनेला धरून नाही, असं ठरलं आणि तो कायदाच कोसळला. पुढे १९५५ मध्ये चौथी घटनादुरुस्ती झाली. अशा प्रकारे काही काळासाठी कारभार हाती घेण्याची वाट सरकारने त्या दुरुस्तीत मोकळी करून घेतली.

वकिलीचं शिक्षण घेणारी मुलं आजही 'सोलापूर केस' अभ्यासतात. आपल्या गावाचं नाव त्यांच्या पुस्तकात आहे ते या शेअरमुळे. मला या सगळ्यात एक गोष्ट फार मोलाची वाटते. शेअर म्हणजे छापलेला आकडा नव्हे, तो हक्कांचा जुडगा आहे, हे या खटल्याने साऱ्या देशाला शिकवलं. मत देण्याचा हक्क, लाभांशाचा हक्क, विकण्याचा हक्क, शेवटी उरेल त्यातला वाटा. एकेक किल्ली काढून घेतली तर जुडगा नुसती कडी उरतो. आणि काही शेअर तर असे, की ते तुम्हाला पैसे देण्याऐवजी तुमच्याकडेच ५० रुपये मागतात!

एक कागद जिवंत, एक कागद इतिहास

मग अशा शेअरचे आज किती येतील? गिरणी कधीच बंद झाली. शब्द देणारा उरला नाही. म्हणून भांडवल म्हणून त्याची किंमत शून्य धरायची. उरते ती संग्राहकाची किंमत. जुनी शेअर सर्टिफिकेटं जमवणारे हौशी लोक जगभर आहेत. १९७० च्या दशकात या छंदाला 'स्क्रिपोफिली' असं नावही मिळालं. ते बघतात कागदावरची नक्षी आणि चित्र, साल, महसुलाचा शिक्का, कुणा नामांकित माणसाची सही, आणि असे किती कागद शिल्लक आहेत ते. छापलेल्या हजार रुपयांशी त्यांना काही देणंघेणं नसतं.

पण थांबा. सगळेच जुने शेअर मेलेले नसतात. आपल्याच समाजातले, आपल्याच सोलापुरात १८८२ मध्ये जन्मलेले वालचंद हिराचंद घ्या. १९१९ मध्ये त्यांनी सहकाऱ्यांसह सिंधिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी काढली. ५ एप्रिल १९१९ ला त्यांची 'लॉयल्टी' बोट मुंबईहून लंडनला निघाली. तो दिवस आज राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळतात. सिंधियाची जहाजं आता इतिहासजमा झाली, पण १९२६ ची त्यांची हिंदुस्तान कन्स्ट्रक्शन कंपनी आजही शेअर बाजारात आहे. एकाच माणसाने उभ्या केलेल्या दोन कंपन्या. एकीचा कागद चौकटीत लावायचा, दुसरीचा कागद खणून काढून कार्यालयात घेऊन जायचा. नुसतं बघून हा फरक कळत नाही.

म्हणून कागद रद्दीवाल्याला किंवा संग्राहकाला दाखवण्याआधी एवढं करा. कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर कंपनीचं नाव शोधा. नाव बदललेलं असेल, दुसऱ्या कंपनीत विलीन झालेली असेल, अवसायनात असेल किंवा नोंदणीतून काढून टाकलेली असेल. जिवंत असेल तर तिच्या रजिस्ट्रारला फोलिओ नंबर कळवून पत्र लिहा. सात वर्षं लागोपाठ लाभांश कुणी घेतला नसेल तर शेअर सरकारच्या गुंतवणूकदार शिक्षण व संरक्षण निधीत, म्हणजे आयईपीएफमध्ये गेलेले असतात. तिथून ते मागता येतात. १ एप्रिल २०१९ पासून बाजारात नोंदलेल्या कंपनीचा कागदी शेअर कागदावरच विकता येत नाही, आधी डिमॅट करावा लागतो. मूळ मालक वारले असतील तर वारसाच्या नावावर करण्याची वाट मात्र खुली आहे.

इथे बायकांनी विशेष लक्ष द्यावं. ट्रंकेतला शेअर पुष्कळदा आजीच्या किंवा आत्याच्या नावावर असतो, आणि घरातले पुरुष "आपलाच आहे" म्हणून पुढे होतात. वारसाहक्काचा १९५६ चा हिंदू उत्तराधिकार कायदा आपल्या जैनांनाही लागू आहे. आजीने मृत्युपत्र केलेलं नसेल, तर तिच्या नावावरच्या कागदात तिच्या मुलींचाही मुलांइतकाच हिस्सा आहे. आपल्या अचौर्य व्रताचा अर्थच मुळी न दिलेलं न घेणं असा आहे. बहिणीला न विचारता विकलेला शेअर त्यात बसत नाही. चार हजार येवोत की चार लाख, आधी सगळ्यांना बसवून पुडकं उघडावं.

हाली आणि कलदार

दुसरा कागद म्हणजे निजामाची नोट. पुण्याच्या घरांतून ती फारशी निघत नाही, आपल्याकडे मात्र निघते. कारण साधं आहे. सोलापूर इंग्रजांचं, पण तुळजापूर, नळदुर्ग, परंडा सगळं निजामाच्या राज्यात. हद्द इतकी जवळ, की बाजाराच्या दिवशी दोन राज्यांचे पैसे एकाच गल्ल्यात पडत. इंग्रजी रुपयाला लोक कलदार म्हणत, निजामाच्या रुपयाला हाली. सात हाली म्हणजे सहा कलदार असा भाव. शंभर कलदारांचे ११६ रुपये १० आणे ८ पै हाली होतात. आपल्या आज्या-पणज्या हा हिशेब तोंडी करत.

हैदराबादच्या कागदी नोटा १९१८ पासून निघाल्या. पहिल्या महायुद्धात चांदीची चणचण झाली, त्याचा हा परिणाम. नोटेवर मुख्य मजकूर उर्दूत, पण रक्कम मराठी, तेलुगू आणि कानडीतही लिहिलेली. राज्यात ज्या भाषा बोलत त्या नोटेवर आल्या. ती नोट हातात घेऊन त्यातली मराठी ओळ मुलांना वाचून दाखवा, मराठवाड्याचा इतिहास एका मिनिटात कळतो. सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात आलं. त्यानंतरही हाली काही वर्षं भारतीय रुपयाबरोबर चालत राहिला आणि १९५९ मध्ये चलनातून कायमचा गेला. ज्यांनी वेळेत बदलून घेतला नाही त्यांच्या ट्रंकेत तो राहिला.

याच नोटांची एक विलक्षण गोष्ट आहे. १९२२ च्या मे महिन्यात 'इजिप्त' नावाची बोट लंडनहून मुंबईला येताना फ्रान्सजवळ बुडाली. तिच्यात सोन्याचांदीबरोबर हैदराबादसाठी छापलेल्या पाच आणि दहा रुपयांच्या नोटाही होत्या. त्यांच्यावर सही व्हायची बाकी होती. दहाएक वर्षांनी इटालियन पाणबुड्यांनी समुद्राच्या तळातून सोनं काढलं, तेव्हा या नोटाही वर आल्या. सही नाही, म्हणजे त्या कधीच पैसा झाल्या नाहीत. त्यांच्यावर एक पैशाचंही मीठ मिळालं नसतं. आज मात्र संग्राहक त्याच बिनसहीच्या, पाण्याने डागाळलेल्या नोटा शोधत असतात. शब्द मेला की कागदाला दुसरा जन्म मिळतो तो असा, गोष्टीचा.

सरकारी नोटा आणि कायद्याची रेघ

आता भारताच्या नोटा. मोठ्या नोटा आपल्याकडे तीनदा रद्द झाल्या. जानेवारी १९४६ मध्ये ५००, १००० आणि १०,००० च्या. १६ जानेवारी १९७८ ला १०००, ५००० आणि १०,००० च्या. आणि ८ नोव्हेंबर २०१६ ची रात्र तर सगळ्यांनाच आठवते. १९७८ पूर्वीची दहा हजारांची नोट आज फार दुर्मीळ आहे, कारण बहुतेकांनी ती बँकेत भरून टाकली. नोट दुर्मीळ होते ती जुनी असते म्हणून नव्हे, उरलेली कमी असते म्हणून. १९६९ ची गांधी शताब्दीची, सेवाग्रामसमोर बसलेल्या बापूंची नोट अनेक घरांत आहे, म्हणून तिच्यातली साधी, वापरलेली नोट कुणाला श्रीमंत करत नाही.

२०१६ मध्ये रद्द झालेल्या ५०० आणि १००० च्या नोटांचं पुडकं सापडलं, तर मात्र जपून. २०१७ च्या कायद्याप्रमाणे अशा दहापेक्षा जास्त नोटा घरात ठेवणं हा गुन्हा आहे. अभ्यास, संशोधन किंवा नाणेसंग्रह यासाठी पंचवीसपर्यंत सूट आहे. त्यापुढे दंड दहा हजार रुपये किंवा दर्शनी रकमेच्या पाचपट, यातलं जे जास्त ते.

भाव ठरतो तो नोट किती कोरी आहे, सही कुणाची, मालिका कोणती, नंबर काही खास आहे का यावर. एक रुपयाच्या नोटेवर रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरची नव्हे, अर्थ सचिवाची सही असते. कोणत्या सचिवाची, यावर तिचा भाव बदलतो. तेव्हा जाहिरातीत कुणी काय मागितलं ते बघू नका. लिलावात खरोखर कितीला गेली ते बघा, आणि तेही आपल्या नोटेसारख्याच अवस्थेतली. मागितलेला भाव आणि मिळालेला भाव यांत जमीनअस्मानाचं अंतर असतं. आणि कुणी "नोंदणीचे पैसे भरा, मग लाखो देतो" म्हणालं तर फोन ठेवून द्या. आपण जुन्या नोटा-नाण्यांचा व्यवहार करत नाही आणि त्यासाठी कसलंही शुल्क घेत नाही, असं रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीरच केलं होतं.

घरातल्या दोन सवयी मात्र सोडाव्या लागतील. लक्ष्मीपूजनाची चांदीची नाणी आपण चिंचेने किंवा पावडरने घासून लख्ख करतो. देव्हाऱ्यातली घासा, पण विकायची किंवा जपायची असतील त्यांना हात लावू नका. घासलेल्या नाण्याचा भाव उतरतो. तसंच नोटेला इस्त्री, चिकटपट्टी, लॅमिनेशन काही नको. सुती हातमोजे नसले तर निदान कोरड्या हातांनी कडेला धरा आणि सपाट ठेवा. शंभर वर्षांवरचं नाणं आणि पंचाहत्तर वर्षांवरची ऐतिहासिक मोलाची हस्तलिखितं १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली येतात. ती परस्पर परदेशी पाठवता येत नाहीत. ट्रंकेतल्या हस्तलिखित पोथ्यांचंही तेच. त्या तर विकूच नयेत, जिनमंदिराच्या ग्रंथभांडारात द्याव्यात.

परिग्रहाच्या वहीत कितीला मांडायचं?

ज्यांनी परिग्रह-परिमाण व्रत घेतलं आहे त्यांना एक खराखुरा प्रश्न पडतो. हिरण्य-सुवर्णाची मर्यादा ठरवली, मग हा कागद कितीचा धरायचा? हजारांचा, शून्याचा, की जाहिरातीतल्या लाखांचा? मला वाटतं, आज प्रामाणिकपणे विकला तर जे हातात येईल तेवढा. जिवंत शेअर असेल तर बाजारभावाने, आणि तो 'जुना कागद' म्हणून मर्यादेबाहेर लपवायचा नाही. मेलेला असेल तर संग्राहकाच्या भावाने. भाव कळून घेण्यात लोभ नाही. न कळताच मनात लाख रुपये धरून बसणं, हा खरा परिग्रह.

विकताना दुसरं व्रत समोर येतं. तत्त्वार्थसूत्रात अचौर्य अणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. त्यांतला एक प्रतिरूपक-व्यवहार, म्हणजे अस्सल म्हणून नकली देणं. जुन्या वस्तूंच्या बाजारात हा अतिचार सहज घडतो. धुतलेली नोट कोरी म्हणून, जोडलेली नोट अखंड म्हणून, नक्कल अस्सल म्हणून. आपल्या नोटेला मागून कागद चिकटवलेला असेल तर तो घेणाऱ्याला आपणच आधी दाखवावा. चार पैसे कमी येतील, आणि तीच त्या नोटेची खरी किंमत असेल.

शेवटी एक सांगते. या ट्रंकांत गिरणीच्या शेअरबरोबर कधी गिरणीतल्या कामगाराचा पास निघतो, पगाराची चिठ्ठी निघते. शेअरला संग्राहक आहेत, पगाराच्या चिठ्ठीला फारसा कुणी विचारत नाही. पण १९४९ मध्ये भोंगा थांबला तेव्हा त्या चिठ्ठीवर ज्यांची चूल पेटत होती, त्यांच्यासाठीही तो कायदा झाला होता, आणि तसं कायद्याच्या प्रस्तावनेत बेरोजगारीचा उल्लेख करून लिहिलेलं आहे. असा कागद सापडला तर त्याची किंमत विचारत बसू नका. मागे पेन्सिलीने नाव, खातं आणि साल लिहा आणि शेअरच्याच पाकिटात ठेवा.